पाण्याखालचा हिशेबनीस : मनगटावरचा की नळीवरचा?

मालवणच्या बाजूचा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या सुट्टीत घरी आला होता. वर्गात गणितात जेमतेम होता. पण आता तो पर्यटकांना समुद्राखाली नेऊन मासे आणि प्रवाळ दाखवतो, आणि पोट चांगले भरतो. चहा झाल्यावर म्हणाला, "सर, इतके दिवस दुसऱ्याच्या सामानावर भागवलं. आता स्वतःच्या पैशाने डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचा आहे. मनगटावरचा घेऊ की नळीच्या टोकाचा?" मी म्हटले, "अरे, मी गणिताचा मास्तर, मला समुद्राचं काय विचारतोस?" पण तो गेल्यावर मी त्या विषयात शिरलो, आणि पाहतो तो काय, त्या यंत्राच्या पोटात सगळे माझेच गणित भरलेले!

यंत्र करते काय ते आधी पाहू. म्हणजे ते कुठे बांधायचे याचे उत्तर सोपे होईल.

समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. अठरा मीटरवर गेलेल्या माणसावर एकूण सुमारे २.८ पट दाब असतो, आणि पाठीवरच्या सिलिंडरमधली हवाही त्याला तेवढ्याच दाबाने श्वासात घ्यावी लागते. नाहीतर छाती फुगणारच नाही. हवेत चार पंचमांश नत्रवायू. तो शरीराच्या उपयोगाचा नसतो, पण दाबाखाली रक्तात आणि मांसात विरघळत राहतो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर? सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तसेच बुडबुडे शरीरात होतात. सांधे असह्य दुखतात, बुडबुडे मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे पडतात, आणि क्वचित जीवही जातो.

या दुखण्याची ओळख पुलाचे पाये खणणाऱ्या मजुरांनाही झाली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी माणसे दाबाखालच्या हवेच्या पेट्यांत काम करीत. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग स्वतः १८७२ साली त्याने आजारी पडला आणि पुढचे काम त्याला घरी बसूनच चालवावे लागले. १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने बुडबुडे नत्रवायूचे असतात हे दाखवून दिले. आणि १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन याने ब्रिटिश नौदलासाठी तक्ते तयार केले. त्याचे प्रयोग शेळ्यांवर झाले होते, बरं का!

हॉल्डेनची युक्ती सुंदर आहे. शरीर म्हणजे पाच कप्पे असे त्याने मानले. काही कप्पे लवकर भरतात, काही उशिरा. पहिला पाच मिनिटांत अर्धा भरतो. पुढच्या पाच मिनिटांत उरलेल्याचा अर्धा, म्हणजे एकूण पाऊण. पुन्हा पाच मिनिटांत सात अष्टमांश. शेवटच्या कप्प्याला अर्धे भरायलाच पंचाहत्तर मिनिटे लागतात. शिक्षक मित्रांनो, भूमितीय श्रेणी कशाला शिकायची असे मुलांनी विचारले, तर हे उदाहरण जरूर द्या. आजच्या पुष्कळ यंत्रांत झुरिचचे डॉक्टर ब्यूलमान यांनी बसवलेले सोळा कप्पे असतात. त्यांतला सर्वांत मंद कप्पा अर्धा भरायला ६३५ मिनिटे घेतो. म्हणजे सकाळच्या बुडीचा नत्रवायू संध्याकाळीही थोडा शिल्लकच!

पूर्वी हे सगळे कोष्टकावरून पाहत. अमेरिकी नौदलाच्या जुन्या कोष्टकात साठ फुटांवर साठ मिनिटे, शंभर फुटांवर पंचवीस मिनिटे अशा मर्यादा असत. पण कोष्टक धरून चालते की तुम्ही सगळा वेळ सर्वांत खोल जागीच होता. प्रत्यक्षात माणूस खाली जातो, वर येतो, एखाद्या खडकापाशी रेंगाळतो. १९८३ साली अमेरिकेत 'एज' नावाचे यंत्र बाजारात आले, ते दर काही सेकंदांनी खोली मोजून कप्प्यांचा हिशेब पाण्यातच मांडू लागले. हाच डाइव्ह कॉम्प्युटर. दुकानातला मुनीम कीर्द लिहितो तशी हा नत्रवायूची जमा-खर्चाची कीर्द लिहितो, आणि "अजून इतकी मिनिटे राहा" असे काचेवर दाखवतो. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरहून वाढला तर बहुतेक यंत्रे ओरडतात.

आता मूळ प्रश्न. सिलिंडरला जोडलेल्या रेग्युलेटरपासून एक जाड नळी निघते. तिच्या टोकाला हवा किती उरली ते दाखवणारे घड्याळ असते. रबरी चौकटीत हे घड्याळ, संगणक आणि बहुधा होकायंत्रही एकत्र बसवले की झाला कन्सोल. त्याचा मोठा गुण म्हणजे तो विसरत नाही आणि हरवत नाही. रेग्युलेटर जोडला की तो आलाच. आकडेही मोठे असतात. चाळिशी लागलेल्या माझ्यासारख्याला हा गुण लहान वाटत नाही.

पण दोष ऐका. कन्सोल पाहायचा तर हाताने उचलावा लागतो. नीट अडकवून ठेवला नाही तर खाली लोंबतो, प्रवाळावर आपटतो, प्रवाळही मोडतो आणि काचही. शिवाय लोंबणारा संगणक स्वतः असलेल्या जागेची खोली मोजतो, तुमच्या छातीची नव्हे. फरक थोडा, पण पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते तेव्हा ध्यानात येतो. काही कन्सोलांत हवेचा दाबही तोच संगणक मोजतो. तो बंद पडला की नत्रवायूचा हिशेब आणि हवेचा आकडा दोन्ही एकदम गेले. माझ्या मते याहून मोठा दोष नाही.

मनगटावरचा यंत्रहिशेबनीस नजरेसमोर असतो. वर येताना डावा हात जॅकेटमधली हवा सोडण्यासाठी वर धरलेला असतो, तेव्हा त्याच मनगटावर वेग आणि खोली दिसते. माझ्या विद्यार्थ्याचा तर एक हात बहुधा घाबरलेल्या पाहुण्याला धरण्यात गुंतलेला. त्याने कन्सोल कुठल्या हाताने उचलावा? उणीव अशी, की खोलीवर रबरी पोशाख दाबाने चेपतो आणि पट्टा सैल होतो. म्हणून ताणणारा पट्टा बरा. आणि यंत्र खोलीतल्या खुंटीवर विसरून बोटीत चढणारेही आहेतच!

तिसरा प्रकार बिनतारी. सिलिंडरकडच्या रेग्युलेटरला एक लहान प्रेषक बसवायचा आणि हवेचा दाब मनगटावरच वाचायचा. सोय मोठी, किंमतही मोठी. संदेश मधूनच तुटतो, तेव्हा साधे यांत्रिक घड्याळ नळीवर असलेले बरे.

म्हणून मी त्याला लिहिले: मनगटावरचा घे, मोठ्या आकड्यांचा घे, आणि नळीवर साधे हवेचे घड्याळ राहू दे. एक बिघडले तरी दुसरे चालेल. जी संस्था दहा जणांना सामान भाड्याने देते तिने मात्र कन्सोल ठेवले तर मी नावे ठेवणार नाही. तिथे हरवण्याची भीती मोठी.

पण तिथेच एक घोटाळा होतो. सकाळी एकाने वापरलेले यंत्र दुपारी दुसऱ्याला दिले जाते. यंत्राच्या कीर्दीत पहिल्याचा नत्रवायू. दुसरा सकाळी वेगळे यंत्र घेऊन खोल जाऊन आलेला. त्याची सकाळची जमा या नव्या यंत्राला ठाऊकच नाही. ते बिचारे खुशाल जास्त मिनिटे दाखवील. दोघांनी मिळून एकच यंत्र वापरणे तर त्याहून वाईट. बोटीत बसणाऱ्याने विचारावे, "आज सकाळी हे कुणाच्या हातात होतं?" विचारायला लाजू नये. आणि यंत्राला फक्त खोली आणि वेळ कळते; तुम्ही रात्रभर जागलात की पाणी कमी प्यायलात, हे त्याला कळत नाही.

घरी परतण्याचेही यातच येते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सांगते की साध्या एका बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानात बसू नये. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणजे बाटलीचे बूच थोडे सैल. कोकणातून देशावर जाणाऱ्याला विमानच लागते असे नाही. आंबोलीचा घाट सुमारे सातशे मीटर चढतो. दुपारी दोन-तीन बुड्या मारून संध्याकाळच्या गाडीने घाट चढू नये, एक रात्र खालीच काढावी. किती वेळ थांबायचे ते बहुतेक यंत्रे दाखवतात. तो आकडा संपेपर्यंत यंत्र गोड्या पाण्यात धुऊन, पुसून, सावलीत ठेवून द्यावे.