गंगावनाची निगा

कापलेल्या केसाला डोक्यातून काहीच मिळत नाही. जुन्या पद्धतीचे गंगावन असो की पार्लरमध्ये बसवलेले एक्स्टेन्शन, जोडकेसांच्या निगेचा सगळा विचार या एका गोष्टीपासून सुरू होतो. डोक्यावरच्या केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी तेलकट स्राव सोडत राहतात, तो केसावरून हळूहळू खाली उतरतो आणि केस मऊ ठेवतो. केस गळला तर त्या जागी नवा उगवतो. जोडकेसाला यातले काहीच नाही. त्याची झालेली झीज भरून निघत नाही. धुताना, विंचरताना आणि वाळवताना ती कमीत कमी होईल एवढेच आपल्या हाती असते.

महाराष्ट्रात ही वस्तू नवी नाही. अंबाडा भरदार दिसावा, वेणी कमरेपर्यंत यावी म्हणून गंगावन लावण्याची रीत जुनी आहे. पूर्वी ते चवरी गाईच्या, म्हणजे याकच्या शेपटीच्या केसांचेही असे. ते केस लांब, जाड आणि चिवट. पुढे माणसाच्या केसांची गंगावने आली आणि त्यानंतर नायलॉनची, खाली काळा गोंडा लावलेली. जी आजही जत्रेत आणि बांगड्यांच्या दुकानांत टांगलेली दिसतात ती हीच. लावणीच्या फडाला गंगावनाशिवाय चालले नाही आणि पुरुष नट स्त्रीभूमिका करत त्या काळातल्या संगीत रंगभूमीलाही नाही. यवतमाळ जिल्ह्यात पुसद परिसरातल्या बंजारा तांड्यांवर केसांचा साज आणखी वेगळा असे. जुन्या पिढीतल्या बंजारा स्त्रिया कानशिलाजवळच्या बटांत चांदीची घुगरी-टोपली अडकवत. स्वतःच्या केसांना काहीतरी जोडून मिरवायचे आणि त्याचा भार मुळांनी पेलायचा, हे या भागाला ओळखीचे आहे. आज पुसदसारख्या तालुक्याच्या गावात लग्नसराई आली की नवरीच्या केसांसाठी क्लिपवाले एक्स्टेन्शन सर्रास वापरले जाते. शाळांच्या स्नेहसंमेलनात मुलींच्या डोक्यावर गंगावन असतेच. मात्र लावण्याची जेवढी हौस, तेवढी धुण्याची माहिती नसते आणि महागाचे केस दोन लग्नांतच दोरखंड होऊन बसतात.

ते दोरखंड का होतात हे कळायला केस कुठून आले ते पाहावे लागते. केसाच्या बाहेरच्या आवरणावर बारीक खवले असतात. कवेलूच्या छपरावर कवेलू जसे एकावर एक पण एकाच उताराने रचलेले असतात, तसे ते मुळाकडून टोकाकडे उतरते रचलेले असतात. डोक्यावर सगळ्या केसांची मुळे एकाच बाजूला असल्याने खवल्यांचीही दिशा एकच राहते. तिरुपतीला मुंडन होते तिथे लांब केस बांधून, मुळांची बाजू न बदलता उतरवले जातात. देवस्थान हे केस लांबीनुसार प्रती पाडून लिलावात विकते. अशा, मुळाकडची बाजू एकीकडे राखलेल्या केसांना व्यापारात रेमी म्हणतात. ते महाग असतात आणि नीट राखले तर टिकतात.

दुसरा मार्ग गुंतवळाचा. विंचरताना कंगव्यात अडकलेले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत किंवा डब्यात साठवायचे आणि ‘केसांवर भांडी’ म्हणत फेरीवाला आला की त्याच्याकडून वाटी, पेला, फुगा घ्यायचा, हा व्यवहार विदर्भातल्या खेड्यांतही चालत आला आहे. हे गुंतवळ हातोहात पुढे जाते. कर्नाटकात कोप्पळजवळचे भाग्यनगर, बंगालमध्ये मुर्शिदाबाद अशा ठिकाणी ते हाताने सोडवून, लांबीप्रमाणे लावून त्याच्या जुड्या बांधतात. हे काम फार कष्टाचे आहे आणि त्यातल्या बायकांच्या बोटांचे कौशल्य वाखाणण्याजोगे आहे. पण अशा जुडीत काही केसांची मुळे वर तर काहींची खाली राहिलेली असतात. उलटसुलट खवले एकमेकांत अडकून गुंता होऊ नये म्हणून पुढे आम्लाच्या द्रावणात खवलेच उतरवतात आणि वरून सिलिकॉनचा थर देतात. दुकानात हे केस रेशमासारखे लागतात. काही धुण्यांत सिलिकॉन निघून जाते आणि खाली उघडा, कोरडा केस उरतो. घेताना चिमटीत दोनचार केस धरून बोटे एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर फिरवावीत. खालून वर जाताना किंचित खरखर लागली तर खवले शाबूत आहेत. दोन्हीकडे सारखेच गुळगुळीत लागले तर तो बहुधा थराचा गुळगुळीतपणा.

केस खरा की कृत्रिम हे ओळखायला एक केस काढून पेटवावा. माणसाचा केस जळताना केस जळल्याचा ओळखीचा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. ही परीक्षा धुण्याआधीच करावी, कारण दोन्हींना लागणारी वागणूक वेगळी आहे. कृत्रिम केसाला गरम पाणी, गरम इस्त्री, ड्रायर काहीच सोसत नाही. त्याच्या लाटा कारखान्यात उष्णतेने बसवलेल्या असतात आणि उष्णतेनेच मोडतात. पाकिटावर उष्णता सोसणारा धागा असे लिहिले असेल तर तिथे दिलेली मर्यादा पाळावी. असे गंगावन थंड पाण्यात थोडा शाम्पू टाकून दहा मिनिटे बुडवून ठेवावे, वरखाली हलवावे, चोळू नये. नंतरच्या पाण्यात कपड्यांसाठी मिळणारे कंडिशनर थोडेसे टाकले तर धाग्यांतली चरचर कमी होते.

माणसाच्या केसांचे क्लिपवाले एक्स्टेन्शन रोज धुण्याची गरज नसते. ते टाळूला चिकटून नसल्याने घाम आणि तेल त्याच्यापर्यंत कमी पोचते. पंधरा-वीस वेळा वापरल्यावर एकदा धुतले तरी पुरते. लग्नातले केस याला अपवाद. त्यांवर स्प्रेचे थर असतात, अक्षता अडकलेल्या असतात, हळदीचा हात लागलेला असतो. हळदीचा डाग काळ्या केसांवर दिसत नाही, पण सोनेरी किंवा तपकिरी पट्ट्यांवर लगेच बसतो. म्हणून हे केस दुसऱ्याच दिवशी हाताळावेत.

आधी सगळे आकडे आणि यू-पिना काढाव्यात. एखादी आत राहिली तर पाण्यात गंजते आणि तिचा डाग जात नाही. मग एक्स्टेन्शनची पट्टी सपाट जागी ठेवून, शिवणीजवळ एका हाताने घट्ट धरून, रुंद दातांच्या कंगव्याने शेवटच्या चार बोटांपासून सुरुवात करावी. तेवढे सुटले की चार बोटे वर. मुळापासून एकदम खाली कंगवा ओढला की सगळा गुंता टोकाला जमून त्याची गाठ होते आणि मग कात्रीच लागते. स्प्रेने कडक झालेली बट कोरडी ओढू नये. तिच्यावर कंडिशनर लावून दहा मिनिटे थांबावे, ती आपोआप ढिली पडते. हे सगळे पाणी लागण्याच्या आधी करायचे. ओला केस फुगून सुमारे १५ टक्क्यांनी जाड होतो, जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. गुंतलेला केस भिजवला की गाठ आवळते.

शाम्पू थेट केसांवर ओतू नये. मगभर कोमट पाण्यात त्याची पुडी विरघळवून ते पाणी वरून खाली सोडावे आणि बोटांच्या चिमटीतून केस त्याच दिशेने निथळवावेत. तळहातांत धरून कपड्यासारखे चोळले की खवले उचकटतात. सल्फेट नसलेला शाम्पू घ्यावा, कारण सल्फेट उरलेले तेलही काढून नेते. शिकेकाई आणि रिठ्यातली सॅपोनिने सौम्यपणे मळ काढतात, तेव्हा त्यांचा काढाही चालतो, मात्र तो फडक्यातून दोनदा गाळून घ्यावा. शिकेकाईची पूड तशीच वापरली तर तिचा रवा पट्टीच्या शिवणीत अडकतो आणि कितीही पाणी घातले तरी निघत नाही. त्यानंतर कंडिशनर मध्यापासून टोकापर्यंत लावून पाच मिनिटे ठेवायचे. जोडकेसांसाठी ही चैन नव्हे. डोक्यातून न येणाऱ्या तेलाची जागा तेच घेते.

पुसदकरांनी पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. शहराला पूस धरणाचे पाणी आहे, पण घरोघरी बोअरही आहेत. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे आणि त्या खडकातून आलेले भूजल कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड होते. बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो तोच केसावरही बसतो. डोक्यावरच्या केसांना तो त्रास देतोच, पण वाढणारे केस महिन्या-दोन महिन्यांनी कापता येतात. जोडकेसांवर क्षार साचतच जातात आणि केस राठ, निस्तेज होतात. अनेकदा दोष शाम्पूला दिला जातो, खरे कारण पाण्यात असते. उपाय घरातच आहेत. धुणे बोअरच्या पाण्याने झाले तरी त्यानंतर लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून ते केसांवरून सोडावे, आम्लाने क्षार सुटतात. शेवटचा लोटा आरओच्या पाण्याचा किंवा उकळून, गार करून, वरचे निवळ ओतून घेतलेल्या पाण्याचा असावा. उकळल्यावर क्षारांचा काही भाग तळाशी बसतो.

तेलाचा प्रश्न मराठी घरात येणारच. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी मुंबईच्या मॅरिको कंपनीत केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना होती. धुण्यात केसातून होणारी प्रथिनांची गळती खोबरेलाने कमी झाली, बाकी दोन्हींनी नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असल्याने तो केसाच्या आत शिरतो. तेव्हा माणसाच्या केसांच्या सुट्या एक्स्टेन्शनला धुण्याआधी टोकांवर खोबरेलाचा हलका हात लावणे हे आजीचे सांगणे असले तरी प्रयोगाने सिद्ध झालेले आहे. कृत्रिम केसात मात्र तेल शिरायला जागाच नाही, ते वरच राहते आणि धूळ धरते. टेपने किंवा केराटिनच्या डिंकाने बसवलेल्या केसांच्या मुळाशी तर तेल लावूच नये, जोड सुटतो.

वाळवताना पिळू नये. जुन्या सुती पंचात गुंडाळून दाबावे आणि पट्टी सावलीत टांगावी. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या उन्हात ती तासाभरात कोरडी होईल, पण ते ऊन केसाचा रंग उडवते आणि प्रथिनेही खराब करते. पावसाळ्यात उलट अडचण येते. दमट हवेत शिवणीतला ओलावा रेंगाळून वास येतो, तेव्हा पंख्याखाली वाळवावे आणि पट्टी बोटाने दाबून ओल नाही याची खात्री झाल्यावरच आत ठेवावी. ठेवताना सैल वेणी घालून मऊ सुती पिशवीत ठेवावे. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. माणसाचा केस म्हणजे केराटिन, म्हणून लोकर खाणारी कसर त्यालाही लागते. अधूनमधून पिशवी उघडून पाहायला हवी.

टेप, डिंक किंवा शिवण घालून डोक्यावरच बसवलेले केस टाळूबरोबर धुवावे लागतात. बसवल्यावर पहिले दोन दिवस त्यांना पाणी लावत नाहीत, जोड पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो. पुढे आठवड्यातून एकदा-दोनदा, डोके उलटे न करता, उभ्याने धुवावे आणि जोडांच्या मधल्या टाळूवर फक्त बोटांची टोके फिरवावीत. ओल्या केसांनी झोपणे हे मुळाशी गुंता होण्याचे सर्वात मोठे कारण आहे. झोपताना सैल वेणी घालावी. टेप साधारण सहा ते आठ आठवड्यांनी काढून पुन्हा बसवावी लागते, कारण खालचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि जोड मुळापासून दूर जाऊन लोंबू लागतो.

हा लोंबता भार गंभीरपणे घ्यायला हवा. सतत ओढ बसल्याने केस गळण्याचा प्रकार ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये १९०७ सालीच नोंदला गेला होता. तो सुरू होतो कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेला. आधी ठणक, मग मुळाशी बारीक पुटकुळ्या, मग विरळपणा. या टप्प्यावर जोडकेस उतरवले तर नवे केस येतात. वर्षानुवर्षे ओढ राहिली तर मूळच मरते आणि तिथे पुन्हा केस उगवत नाही. बाळंतपणानंतर, तापाच्या आजारानंतर किंवा आधीच केस गळत असताना कायमचा जोड बसवू नये. तेव्हा सणासमारंभापुरते क्लिपचे गंगावन पुरेसे आहे आणि तेही घरी आल्याबरोबर काढावे. दुखते आहे असे मुलगी सांगत असेल तर ती नाटक करत नाही, हे गॅदरिंगच्या धावपळीत मोठ्यांनी लक्षात ठेवावे.

भाड्याचे किंवा शाळेचे सामायिक गंगावन एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर थेट जाऊ देऊ नये. टाळूपासून दूर ऊ एक-दोन दिवसांहून जास्त जगत नाही, म्हणून दोन वापरांत चार दिवसांचे अंतर आणि मधे एक धुणे एवढे पाळले तरी धोका पुष्कळ कमी होतो. बुरशीचा चट्टा असलेल्या मुलीला मात्र ते देऊच नये.

चांगले रेमी केस जपून वापरले तर वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतात, रोज घातले तर कमी. टोके पांढुरकी, फाटकी झाली की दोन बोटे कापावीत, बाकी केसांना आणखी काही महिने मिळतात. पूर्णपणे निकामी झालेले माणसाचे केस बारीक कापून शेणखताच्या खड्ड्यात टाकता येतात. त्यांत नत्र भरपूर असते, पण कुजायला बराच काळ लागतो. कृत्रिम केस सुक्या कचऱ्यात द्यावेत. ते चुलीत किंवा शेकोटीत टाकू नयेत, कारण त्यातल्या मोडॅक्रिलिकसारख्या धाग्यांत क्लोरीन असते आणि जळताना विषारी धूर निघतो.