पहिले उत्तर थोपवताना

थेरगावात राहून आसपासच्या कारखान्यांत मी अठ्ठावीस वर्षे काढली. आधी लेथवर, पुढे सेटर म्हणून. मानसशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. ते वाचायला लागलो एका पातळ कडीमुळे. तीन जबड्यांच्या चकमध्ये पकडून ती आतून बोअर केली की मशीनवर माप बरोबर यायचे. चक सोडला की गोलाई बिघडलेली असायची. आम्ही टूल बदलले, फीड कमी केला, स्पिंडल तपासला. दोन पाळ्या वाया गेल्या. दोष कापण्यात नव्हताच, पकडण्यात होता. आवळल्यावर कडी किंचित दबत होती, दबलेली असतानाच गोल कापली जात होती आणि सोडल्यावर परत फाकत होती. रुंद जबडे बसवून दाब सगळीकडे वाटला आणि काम झाले. पातळ वस्तू आवळली की दबते, हे आम्हा प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होते. मग ते ज्ञान दोन पाळ्या कुठे होते?

अब्राहम लुचिन्स यांच्या १९४२ मधल्या प्रयोगात मला याचा पहिला धागा सापडला. तीन भांडी वापरून ठरावीक पाणी मोजायचे. सुरुवातीची सगळी गणिते एकाच लांबलचक रीतीने सुटतात. पुढे सरळ, सोप्या वाटेने सुटणारी गणिते येतात, तरी बहुतेक माणसे जुनीच रीत चालवत राहतात. त्यांना सोपी वाट कळत नाही असे नाही. हाताला लागलेली रीत मध्ये उभी असते.

सर्जनशीलता म्हणजे मन मोकळे सोडणे, असे कविसंमेलनापासून व्यवस्थापनाच्या शिबिरापर्यंत सगळीकडे ऐकू येते. मला ते अर्धेच खरे वाटते. नवे सुचायचे तर आधी जुने थोपवावे लागते, आणि थोपवणे हे नियंत्रणाचे काम आहे. अभ्यासक या नियंत्रणाची साधारण तीन कामे मानतात : हवी ती गोष्ट मनात धरून ठेवणे, सवयीने ओठांवर आलेले उत्तर आवरणे आणि एका रीतीवरून दुसरीवर वळणे. या तिसऱ्या कामालाच लवचीकता म्हणतात. म्हणजे लवचीकता नियंत्रणाची वैरीण नाही, त्याच घरातली आहे.

जे. पी. गिलफर्ड यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे : विटेचे जमतील तितके उपयोग सांगा. १९५७ मध्येच त्यांच्या सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात दिसले होते, की वेळ जातो तशी उत्तरे कमी येतात, पण वेगळी येतात. डांगे चौकात चहा पिताना मी मित्रांना हाच प्रश्न टाकला. भिंत, चूल, टेम्पोच्या चाकाला अटकाव हे भराभर आले. मग शांतता. चहा संपत आला तेव्हा एकजण म्हणाला, "देवाला थांबवून ठेवायला." सगळे हसले. उत्तर पुंडलिकाचे, म्हणजे जुनेच. पण या यादीत ते येण्यासाठी भिंत आणि चूल बाजूला सरावी लागली.

यावर एक आक्षेप हमखास येतो. चार्ल्स लिम्ब आणि ॲलन ब्रॉन यांनी २००८ मध्ये सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांच्या मेंदूचे चित्रण केले. पाठ केलेली रचना वाजवताना आणि आयत्या वेळी रचताना काय फरक पडतो, हे त्यांना पाहायचे होते. रचताना कपाळामागच्या भागाच्या बाहेरच्या बाजू, म्हणजे स्वतःवर पहारा ठेवणारे भाग, शांत झालेले दिसले. मग नियंत्रण सुटले की कला येते, असेच ना? पण ही सहाही माणसे वर्षानुवर्षे घोटलेल्या हातांची होती. मात्रा मोजायची गरज न उरलेल्या गवयालाच समेची चिंता सोडता येते. शिवाय रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १६३ जणांवर केलेल्या अभ्यासात अधिक कल्पक माणसांच्या मेंदूत भटकणारे जाळे आणि आवरणारे जाळे, जी एरवी आळीपाळीने चालतात, ती एकमेकांशी अधिक जोडलेली आढळली.

आपल्याकडे मला याचे सर्वांत मोठे उदाहरण कुमार गंधर्वांचे वाटते. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा ध्वनिमुद्रिका ऐकून थोर गायकांचे गाणे हुबेहूब म्हणायचा. लोक थक्क व्हायचे. मला त्या कौतुकात धोका दिसतो : इतकी तयार, इतक्या टाळ्या मिळवणारी पहिली उत्तरे ज्याच्या गळ्यात आहेत, त्याने स्वतःचे का शोधावे? पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण झाले, आणि ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी ते देवासला गेले. गाण्याला मनाई, काही वर्षे गळा बंद. त्या काळात कानावर येत राहिली ती माळव्याची लोकगीते. परत उभे राहिले तेव्हा एक फुप्फुस निकामी होते आणि गाणे बदललेले होते. लोकधुनांतून त्यांनी मालवती, लगनगंधार यांसारखे राग उभे केले. 'अनूपरागविलास' १९६५ मध्ये आले. आजारामुळे ते मोठे झाले असे म्हणणे क्रूरपणाचे होईल, आणि चूकही. प्रयोगशाळेने त्यांना तपासलेले नाही. हे माझे वाचन आहे. पण गळ्यातली तयार उत्तरे बाहेरून सक्तीने थोपवली गेली आणि त्या रिकाम्या जागेत त्यांनी कान चालू ठेवला, एवढे त्यात दिसते. कान चालू ठेवणे हेही नियंत्रणच.

आमच्या एका कारखान्यात सूचनापेटी होती. आठ तास ठरल्या क्रमाने हात चालवायचे, क्रम मोडला तर मेमो. आणि महिन्याला माणशी एक नवी कल्पना पेटीत पडलीच पाहिजे. महिनाअखेरीला सुट्टी होता होता चिठ्ठ्या लिहिल्या जायच्या : पंखा लावा, फलक रंगवा. साहेब म्हणायचे, कामगारांना कल्पनाशक्तीच नाही. रुंद जबड्यांची सूचना त्या पेटीत कधी पडली नाही. ती निघाली तेव्हा वीज गेलेली होती, सगळी मशीन बंद होती आणि आमच्यातला एकजण ती बिघडलेली कडी दोन बोटांत धरून नुसता दाबत बसला होता.