पडद्यावरचा काळा डॉक्टर आणि रुग्णालयाचे दार

सिनेमा म्हणजे निव्वळ करमणूक, हे आम्हाला मान्य नाही. पडद्यावर डॉक्टर कोण आणि नोकर कोण, हे ठरविणारेच समाजातील जागा पक्क्या करीत असतात. हॉलीवूडचे सुरुवातीचे वैद्यकीय चित्रपट याचा पुरावा आहेत.

१९३८ साली एमजीएमने 'यंग डॉ. किल्डेअर' काढला आणि पुढे त्याची मालिकाच चालविली. रुग्णालय न्यूयॉर्कचे, पण तरुण डॉक्टर गोरा, त्याचा गुरूही गोरा. काळा माणूस दिसतो तो सेवक म्हणून! १९४२ पासून चिनी वंशाच्या की ल्यूक यांना डॉक्टरची भूमिका मिळाली, हा अपवाद.

त्याआधी १९३१ साली जॉन फोर्ड यांच्या 'ॲरोस्मिथ'मध्ये क्लॅरेन्स ब्रूक्स यांनी हॉवर्ड विद्यापीठात शिकलेला काळा डॉक्टर साकारला. तो विदूषक नाही, हुजऱ्या नाही. पण कथा काय सांगते? वेस्ट इंडिजमध्ये प्लेग पसरला आहे. औषध निम्म्यांना द्यायचे, निम्म्यांना नाही, असा प्रयोग करायचा आहे. गोरे नकार देतात. तेव्हा हा डॉक्टर आपली माणसे पुढे करतो. म्हणजे मान एकट्याला आणि मरणाची जोखीम त्याच्या समाजाला! ही केवळ कल्पना होती काय? पुढच्याच वर्षी, १९३२ साली, अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने टस्कगी येथे सिफिलिस झालेल्या काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवून 'अभ्यास' सुरू केला. तो १९७२ पर्यंत चालला.

१९४९ च्या 'लॉस्ट बाउंड्रीज'मध्ये गोरा म्हणून जगणाऱ्या काळ्या डॉक्टरची कथा आहे. भूमिका मात्र गोऱ्या मेल फेरर यांना दिली. १९५० च्या 'नो वे आउट'मध्ये सिडनी पॉइटिए डॉक्टर झाले. त्यात गोरा रुग्ण दगावतो आणि त्याचा भाऊ डॉक्टरला खुनी ठरवितो. तो शवविच्छेदनही होऊ देत नाही. अखेर ते व्हावे म्हणून डॉक्टर स्वतःच खुनाची कबुली देतो! गोऱ्या डॉक्टरवर ही पाळी आली असती काय?

वकील म्हणून आम्ही कायद्याकडेही पाहतो. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने रुग्णालये बांधायला सरकारी पैसा दिला, पण 'वेगळे पण समान' ही पळवाटही ठेवली. नॉर्थ कॅरोलिनातील काळे डॉक्टर, दंतवैद्य व रुग्ण न्यायालयात गेले. १९६३ साली सिमकिन्स खटल्यात फेडरल अपील न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरविली.

बांधवांनो, पडद्यावर एक चेहरा झळकला म्हणून हुरळून जाऊ नका. चेहरा निर्माता देतो आणि तोच काढूनही घेतो. रुग्णालयाचे दार उघडले ते हक्कासाठी लढणाऱ्यांनी. प्रतिनिधित्व मोजायचे ते चेहऱ्यांवरून नव्हे, निर्णय कोणाच्या हाती आहे त्यावरून!