तीन मिलिसेकंदांचा एक पिक्सेल

आज मिथेन फिल्टरवर लिहायचं ठरलं होतं, पण तो विषय आज नाही. सांगलीच्या एका वाचकांनी नासाच्या गुरूकडे गेलेल्या ज्यूनो यानावरच्या ज्यूनोकॅम कॅमेऱ्याची कच्ची फाईल उतरवून घेतली आणि विचारलं, ‘फाईल खराब आली आहे का? गुरूच्या जागी करड्या आडव्या पट्ट्यांची चळत दिसते आणि एकच ढग पुन्हा पुन्हा येतो.’ फाईल अगदी व्यवस्थित आहे. पण ती अशी का दिसते हे सांगितल्याशिवाय मिथेनकडे गेलो, तर पुढचं सगळं अधांतरी राहील. शिवाय या साऱ्या उद्योगातला माझा सर्वांत लाडका भाग हाच. तेव्हा आजचा लेख पट्ट्यांचा.

ज्यूनो स्वतःभोवती फिरत राहतं, मिनिटाला दोन गिरक्या. व्हॉयेजर यानं स्थिर राहून कॅमेरा एका दिशेला रोखू शकत. ज्यूनोचं नातं त्याआधीच्या पायोनियर १० शी आहे. डिसेंबर १९७३ मध्ये पायोनियरनं गुरूची चित्रं मिळवली ती स्वतःच्या गिरक्यांच्या आधारानं, एकेक रेघ गोळा करत. गिरकीमुळे यानाची दिशा आपोआप टिकून राहते आणि कण व चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणांना सगळ्या दिशा आळीपाळीनं मिळतात. मोहीम आखली गेली ती अशा उपकरणांसाठी. कॅमेरा बसवला तो लोकांसाठी. कँडिस हॅन्सन यांच्या नेतृत्वाखाली त्याचा कच्चा माल सगळ्यांना खुला झाला, आणि म्हणूनच आपण इथे आहोत.

आता हिशेब. मिनिटाला दोन गिरक्या म्हणजे सेकंदाला १२ अंश. एवढ्या वेगानं फिरताना पूर्ण चौकटीचा साधा फोटो घ्यायचा तर तो फरफटलेला येईल. म्हणून सेन्सरवरच अरुंद फिल्टर शेजारी शेजारी बसवले आहेत. यान फिरतं तसा गुरू या फिल्टरांवरून सरकत जातो आणि कॅमेरा साधारण ०.३७ सेकंदांच्या अंतरानं टिपत राहतो. प्रत्येक वेळी निळी, हिरवी आणि लाल अशा तीन पट्ट्या मिळतात, प्रत्येक १६४८ पिक्सेल रुंद आणि १२८ पिक्सेल उंच. त्या एकाखाली एक रचल्या की सांगलीकरांना दिसली ती चळत तयार होते. ढग एकच, तो ओळीनं तिन्ही फिल्टरांखालून जातो, म्हणून पुन्हा पुन्हा दिसतो.

पहिला मोह असा होतो की फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्या वेगळ्या करायच्या, वरखाली सरकवायच्या आणि डोळ्यांनी जुळवायच्या. यान गुरूपासून दूर असताना टिपलेल्या चित्रांत हे बऱ्यापैकी जमतं. जवळच्या चित्रांत जमत नाही, आणि का जमत नाही यातच सगळी गंमत आहे.

२७ ऑगस्ट २०१६ ची पहिली जवळची फेरी घ्या. यान ढगांच्या माथ्यापासून सुमारे ४,२०० किलोमीटरवर होतं, आणि तिथे एका पिक्सेलमध्ये जेमतेम तीन किलोमीटर मावतात. यानाचा वेग सेकंदाला अंदाजे ५८ किलोमीटर. एखादा ढग एका टोकाच्या फिल्टरकडून तिसऱ्यापर्यंत पोचायला जवळजवळ एक सेकंद लागतो. तेवढ्यात यान पन्नासेक किलोमीटर पुढे गेलेलं असतं. खुद्द गुरूही थांबलेला नसतो. त्याचा दिवस दहा तासांहून थोडा कमी, त्यामुळे विषुववृत्तावरचा ढग त्याच सेकंदात साडेबारा किलोमीटर सरकतो. म्हणजे लाल आणि निळी पट्टी वेगळ्या जागेवरून, वेगळ्या क्षणी, वेगळ्या कोनातून घेतलेली असते. नुसत्या सरकवण्यानं चित्राचा मध्य जुळला तर कडा सुटतात आणि कडा जुळल्या तर मध्य सुटतो.

चौकटीच्या कापडाचा सदरा शिवताना चांगला शिंपी आधी अंगाचं माप घेतो आणि मगच रेघा जुळवतो. इथे अंग म्हणजे गुरू. तो गोल नाही. विषुववृत्ताशी त्याची त्रिज्या ७१,४९२ किलोमीटर, ध्रुवाशी ६६,८५४. या चपट्या आकारावर प्रत्येक पिक्सेलची दृष्टिरेषा नेऊन टेकवायची: त्या क्षणी यान कुठे होतं, कुठे तोंड करून होतं, आणि रेषा कोणत्या अक्षांश-रेखांशावर पडली. यानाचा मार्ग आणि रोख यांची माहिती नासा स्पाइस नावाच्या फायलींतून देते. तिन्ही रंगांच्या पट्ट्या अशा नकाशावर उतरवल्या की ढग आपल्या जागी बसतो.

बसायला हवा, पण सेकंदाला १२ अंश म्हणजे साधारण तीन मिलिसेकंदांत एक पिक्सेल. फाईलसोबत दिलेली सुरुवातीची वेळ तेवढी नेमकी नसते. तिच्यात काही दशक मिलिसेकंदांची दुरुस्ती लागते, ती चित्रागणिक थोडी बदलते, आणि दोन टिपणांमधल्या अंतरातही एक मिलिसेकंद मिळवावा लागतो. हा फरक शोधायचा उपाय मला फार आवडतो. गुरूची कड कुठे दिसायला हवी हे गणितानं काढायचं, चित्रात ती कुठे आहे हे पाहायचं, आणि दोन्ही एकमेकांवर येईपर्यंत घड्याळ मागेपुढे करायचं. कडेवरच्या धुक्यामुळे ती रेघ धारदार नसते, तेव्हा थोडा धीर लागतो. पण मग सुमारे २.८ अब्ज किलोमीटरचा प्रवास करून गुरूपाशी पोचलेल्या यानाचं घड्याळ आपण घरच्या टेबलावर बसून लावलेलं असतं.

जर्मनीतले गेराल्ड आइखश्टेट हे गणिती या कामात अग्रणी. त्यांनी स्वतःची प्रणाली लिहिली आणि फेरीमागून फेरी ती चालवली. काही मिनिटांच्या अंतरानं टिपलेली चित्रं एकाच नकाशावर उतरवून त्यांनी ढगांचं वाहणं दाखवलं. हे पट्ट्या पिक्सेलभर चुकल्या असत्या तर शक्यच नव्हतं, कारण तेवढ्या वेळात ढग हलतात तेही मोजक्याच पिक्सेलांनी. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या वावटळींवरच्या शोधनिबंधांत लेखक म्हणून त्यांचं नाव आहे ते याच बळावर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ढगांच्या कडेला लाल-निळी झालर राहिलेलं चित्र कितीही भडक आणि देखणं असलं, तरी ते अर्धवट आहे. फिकट, पण नीट बसवलेलं चित्र मला कधीही जास्त मोलाचं वाटतं. रंग नंतर कितीही वेळा बदलता येतात.

सांगलीच्या वाचकांनी सुरुवात दूरच्या चित्रापासून करावी, ज्यात गुरूची कड दोन्ही बाजूंनी दिसते. कडेवरून वेळ जुळवायचा सराव तिथे उत्तम होतो. ढगांनीच भरलेलं, कड नसलेलं चित्र सुरुवातीला घेऊ नये. आणखी एक: कच्च्या फायलीतल्या उजेडाच्या किमती वर्गमुळासारख्या वक्रानं दाबून ८ बिटांत बसवलेल्या असतात. त्या आधी उलगडून घ्याव्यात, मग रंग मिसळावेत.

हे जमलं की मिथेनला हात घालता येईल. त्याच्या पट्ट्या बहुधा वेगळ्या गिरकीत घेतात, म्हणजे किमान अर्ध्या मिनिटाचा फरक, आणि तेवढ्यात यान सतराशे किलोमीटरांहून जास्त पुढे गेलेलं असतं. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरू करू. २०२० च्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या क्लाइड फॉस्टर यांना आपल्या दुर्बिणीतून याच फिल्टरमध्ये एक नवा ठिपका दिसला होता आणि दोनच दिवसांनी ज्यूनो त्याच्या जवळून गेलं, ती हकीकतही तेव्हाच.