यकृत देणाऱ्याचंही यकृत निरोगी हवं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असं लिहून येतं आणि आपण तो कागद घडी करून ठेवून देतो. दुखत नाही, खुपत नाही. मग काळजी कशाची? बुटीबोरीच्या एमआयडीसीत शिफ्टवर जाणाऱ्यांचं जगणं या आजाराला पोसणारंच आहे. रात्रपाळी, अवेळी जेवण, गोड चहा, समोसा, कोल्ड्रिंक आणि सुटलेलं पोट. पाचवं शील काटेकोर पाळणाऱ्यालाही तो होतो. दारू असेल तर आणखी वेगाने वाढतो.

यकृतात आधी चरबी साचते. काहींना पुढे सूज येते आणि वर्षानुवर्षांनी यकृत कडक होतं. यालाच सिरोसिस म्हणतात. पोटात पाणी, कावीळ, रक्ताची उलटी दिसते तोवर फार उशीर झालेला असतो. मग अनेकांना प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही.

इथे दुसरी अडचण उभी राहते. मेंदूमृत दात्याचं यकृत नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत प्रतीक्षायादीनुसार मिळतं. थांबायला वेळ नसतो, म्हणून घरचंच कुणी यकृताचा भाग द्यायला पुढे येतं. १९९४ च्या कायद्याने जवळच्या नातेवाइकाला तशी मुभा आहे. पण चूल एक, सवयी एक. त्याच्याही यकृतात चरबी निघू शकते. असं यकृत शरीराबाहेर थंड ठेवलेला काळ नीट सोसत नाही, बसवल्यावर काम न करण्याचा धोका वाढतो. चरबी साधारण ३० टक्क्यांवर असेल तर डॉक्टर सहसा नकार देतात. मेंदूमृत दात्याचं यकृतही याच कारणाने वाया जाऊ शकतं.

दिलासा एवढाच, की ही चरबी उतरते. ८० किलोच्या माणसाने हळूहळू ६ ते ८ किलो वजन घटवलं तर चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. मात्र दात्याने वजन उतरवेपर्यंत रुग्णाकडे वेळ असेलच असं नाही. म्हणून सुरुवात आजच करा.

• कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.
• साखर, बीपी तपासा. फॅटी लिव्हर असेल तर एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि वय यांवरून यकृत किती कडक झालं याचा अंदाज डॉक्टरांना विचारा.
• कोल्ड्रिंक, दारू बंद. रोज अर्धा तास भरभर चाला.
• ‘लिव्हर साफ करणारी’ पावडर, काढे घेऊ नका.

२०२१ पासून फॅटी लिव्हर केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, घडी केलेला तो रिपोर्ट सोबत न्या आणि हक्काने विचारा.