भार आणि हाडे

१९७० सालच्या जून महिन्यात आंद्रियान निकोलायेव आणि व्हिताली सेवास्त्यानोव हे दोन सोव्हिएत अंतराळवीर सुमारे १८ दिवस पृथ्वीप्रदक्षिणा करून ‘सोयूझ-९’ या यानातून परतले. दोघेही धट्टेकट्टे होते. परंतु यानातून बाहेर येताना त्यांना इतरांचा आधार घ्यावा लागला. त्यांना स्वतःचेच शरीर जड झाले होते. स्नायू दुबळे झाले होते, रक्ताभिसरणाची सवय मोडली होती. याहूनही एक गंभीर हानी अंतराळात हळूहळू होत असते. ती म्हणजे हाडांची झीज.

अंतराळयानात वजन जाणवत नाही, म्हणून तेथे गुरुत्वाकर्षणच नसते असे नव्हे. ४०० किलोमीटर उंचीवरही ते जमिनीवरच्या सुमारे नऊ दशांश असते. परंतु पृथ्वीभोवती फिरणारे यान आणि त्यातील माणसे सतत एकसारख्या गतीने पृथ्वीकडे पडतच असतात. त्यामुळे माणसाच्या पायांचा दाब यानाच्या तळावर पडत नाही. तो अधांतरी तरंगतो. या अवस्थेस भारहीनता म्हणतात.

भार नाहीसा झाला की हाडे का झिजतात? हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. त्यातील काही पेशी जुने हाड विरघळवतात, तर काही नवे हाड रचतात. हे मोडण्याचे आणि घडवण्याचे काम जन्मभर चालू असते. ज्या हाडावर ताण अधिक, ते अधिक बळकट होते. टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेले आढळते. उलट, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हाडे अशक्त होतात. अंतराळात नेमके हेच घडते. मोडणे चालू राहते, घडवणे मागे पडते. हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते आणि मूत्रावाटे निघून जाते.

१९७३-७४ मध्ये अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’ या अंतराळस्थानकावर राहून आलेल्या वीरांची तपासणी झाली, तेव्हा काहींच्या टाचेचे हाड विरळ झालेले आढळले. हाताच्या हाडांत मात्र तशी घट दिसली नाही. जी हाडे जमिनीवर शरीराचा भार वाहतात, तीच अंतराळात अधिक झिजतात. पुरेसा व्यायाम नसेल, तर कंबर आणि मांडी यांच्या सांध्याजवळील हाड दरमहा सुमारे १ ते १.५ टक्का घटते. वृद्धापकाळी एवढी घट होण्यास साधारणतः वर्ष लागते!

यावर मुख्य उपाय व्यायाम हाच आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर प्रत्येक अंतराळवीर रोज सुमारे दोन तास त्यासाठी देतो. तेथे लोखंडी वजने उचलून उपयोग नाही, कारण त्यांनाही भार नसतो. म्हणून निर्वात नळकांड्यांच्या विरोधाचा वापर करणारे एक यंत्र तेथे बसवले आहे. धावताना शरीर पट्ट्यांनी खाली ओढून धरावे लागते, नाहीतर पहिल्याच पावलाला माणूस वर तरंगू लागेल.

या नियमित श्रमाचे फळ १९९५ साली दिसले. रशियन वैद्य वालेरी पोल्याकोव हे ‘मीर’ स्थानकावर सलग ४३७ दिवस राहून परतले, तेव्हा यानातून उतरून जवळच्या खुर्चीपर्यंत ते स्वतः चालत गेले. तथापि प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. पृथ्वीवर येऊन वर्ष लोटले तरी अनेकांची हाडे पूर्ववत होत नाहीत.

मंगळाचा एका बाजूचा प्रवासच सहा ते नऊ महिन्यांचा आहे. तेथे उतरणाऱ्या पहिल्या मानवाला हात देण्यास कोणीही नसेल. त्याला स्वतःच्याच पायांवर उभे राहावे लागेल. त्याची पूर्वतयारी म्हणजेच अंतराळातील हे रोजचे दोन तास होत.