घंटेचे दहा टोले

कुस्ती म्हटली कीं आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें तांबड्या मातीचा हौदा, अंगाला माती चोळलेले दोन जवान आणि कोल्हापूरच्या खासबाग मैदानासारखी माणसांनीं फुललेली जागा उभी राहते. जपानी कुस्तीचें नांव निघालें, तर कोणास १९५२ सालचें हेलसिंकी आठवेल. तेथें आपल्या खाशाबा जाधवांस कांस्यपदक मिळालें, आणि त्याच वजनगटाचें सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यानें नेलें. आज आम्ही ज्या मल्लाची हकीकत सांगणार आहों, तो मात्र या दोन्ही प्रकारांतला नव्हे. केंता कोबाशी हा जपानांतील धंदेवाईक कुस्तीचा मल्ल. २०१३ सालच्या मे महिन्याच्या ११ तारखेस तोकियो येथें त्यानें आपली शेवटची कुस्ती केली. त्या रात्रीच्या निमित्तानें प्रेक्षकांचें प्रेम म्हणजे काय आणि त्याची किंमत कोण देतो, याचा वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा विचार करावा, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम या धंद्याविषयीं दोन शब्द. दोरांनीं वेढलेल्या चौकोनी चौथऱ्यावर ही कुस्ती होते. पंचानें तीन अंक मोजीपर्यंत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे खालीं दाबून धरले कीं ती जिंकली. परंतु कोणी जिंकावयाचें हें बहुधा आधींच ठरलेलें असतें. एवढें ऐकल्याबरोबर सुशिक्षित मनुष्य नाक मुरडतो आणि म्हणतो, “मग हें नाटकच कीं!” एका अर्थीं तें नाटकच आहे, हें कबूल केलें पाहिजे. तथापि रंगभूमीवर मारला गेलेला राजा पडदा पडतांच उठून चहा घेतो. येथें उंचावरून पाठीवर आदळणाऱ्या मल्लाची पाठ खरोखरच आदळते. सरावानें तो आघात हलका करतां येतो, नाहींसा करतां येत नाहीं. असे आघात मल्ल गांवोगांव हिंडून वर्षानुवर्षें सोशीत असतो. निकाल कोणी ठरविला याच्याशीं त्याच्या गुडघ्यांना आणि मानेच्या मणक्यांना कांहीं कर्तव्य नसतें.

जपानांत या खेळाला जी प्रतिष्ठा मिळाली तिला कारण आहे. महायुद्धांतील पराभवानें ते राष्ट्र खचलें असतां, १९५४ सालीं रिकिदोझान नांवाचा मल्ल अमेरिकेहून आलेल्या शार्प बंधूंशीं लढला. दूरचित्रवाणी तेव्हां नुकतीच सुरू झाली होती. चौकाचौकांत मांडलेल्या यंत्रांपुढें लोकांच्या झुंडी लोटल्या. धिप्पाड परदेशी मल्ल आपल्या माणसाचे तडाखे खाऊन कोलमडतो, हें पाहून त्यांच्या मनास उभारी आली. या रिकिदोझानाचा शिष्य जायंट बाबा. ‘बाबा’ हें येथें जपानी आडनांव आहे, आपल्याकडील अर्थ मनांत आणूं नये. यानें १९७२ सालीं ‘ऑल जपान’ नांवाची मंडळी काढली. आपला कोबाशी याच मंडळींत वाढला.

त्याचा जन्म १९६७ सालचा, क्योतो प्रांतांतील फुकुचियामा या गांवचा. शाळेनंतर त्याला क्योसेरा या प्रसिद्ध कारखान्यांत नोकरी मिळाली होती. आपल्याकडे ज्याला पोटापाण्याची सोय लागली म्हणतात, तशी ती लागली होती. ती सोडून १९८७ सालीं, विसाव्या वर्षीं, तो बाबांच्या मंडळींत उमेदवार म्हणून शिरला. तेथें नव्या पोरानें आधीं वस्तादाची सेवा करावयाची असते. त्याचें सामान उचलावें, कपडे धुवावे, हाकेसरशीं पुढें व्हावें. कोबाशी खुद्द जायंट बाबांचा असा सेवेकरी होता. १९८८ सालच्या फेब्रुवारींत तो प्रथम चौथऱ्यावर चढला, आणि पहिल्या ६३ एकेरी कुस्त्या ओळीनें हरला. त्रेसष्ट! आधीं ठरलेले का असेनात, रोज हरण्यासाठीं जीव तोडून लढणें ही कांहीं सोपी विद्या नव्हे. पण त्या पराभवांतच लोकांचें प्रेम त्याच्यावर जडलें. हा मुलगा हरतो खरा, पण अंग राखून लढत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें होतें.

पुढें तो मोठा झाला. जायंट बाबा १९९९ सालीं निवर्तल्यावर मित्सुहारु मिसावा या ज्येष्ठ मल्लानें २००० सालीं ‘नोआ’ ही निराळी मंडळी काढली; कोबाशी तिच्यांत गेला. २००३ सालच्या मार्चच्या पहिल्या तारखेस याच मिसावास हरवून त्यानें मंडळीचें अजिंक्यपद मिळविलें आणि ७३५ दिवस तें राखलें. त्या कुस्तींत मिसावानें त्याला चौथऱ्याकडे येणाऱ्या उंच मार्गावरून खालच्या जमिनीवर मागच्या मागें फेंकलें होतें. त्या फेंकीनंतर उठून तो जिंकला. त्याचें मुख्य हत्यार म्हणजे हाताच्या कडेनें प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर मारलेला तडाखा. २००५ सालच्या जुलैंत तोकियोच्या प्रचंड घुमटाखालीं तो आणि केन्सुके सासाकी समोरासमोर उभे राहून एकमेकांस असे तडाखे मारीत राहिले. दोघांच्याही छात्या लालभडक झाल्या, पण दोघांपैकीं कोणी मागें सरेना. तेथें फसवेगिरीला जागा नव्हती. तडाख्याचा आवाज शेवटच्या रांगेंत बसलेल्या पोरालाही ऐकूं येत होता.

२००६ सालच्या उन्हाळ्यांत त्याला मूत्रपिंडाचा कर्करोग झाल्याचें निघालें. शस्त्रक्रिया झाली. अशा दुखण्यांतून उठलेल्या मनुष्यास आपण जिना चढूं देत नाहीं; कोबाशी मात्र सुमारें दीड वर्षानें, २००७ सालच्या २ डिसेंबरला, पुनः आखाड्यांत उतरला. त्याच्या जोडीला होता योशिहिरो ताकायामा, ज्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा २००४ सालीं बंद पडला होता व जो त्यांतून सावरून परतला होता. समोर होते मिसावा आणि जुन अकियामा. कोबाशी हरला. मिसावानें त्या दिवशीं त्याला हलक्या हातानें वागविलें नाहीं, आणि सवलत न देणें हाच मित्राचा सन्मान होता, असें प्रेक्षकांनीं मानलें. त्या रात्रीं अनेकांनीं उघडपणें डोळे पुसले.

पण या मानण्याची दुसरी बाजू लौकरच समोर आली. २००९ सालच्या १३ जूनला हिरोशिमा येथें मिसावा एका नेहमींच्या डावांत मागच्या मागें पडला आणि पुनः उठला नाहीं. मान दुखावली होती. त्याच रात्रीं तो गेला, वय ४६. पुष्कळ वर्षांचे आघात त्याच्या मानेंत साठत आले होते, आणि ते पाहून टाळ्या वाजविणारेही आपणच होतों, ही टोंचणी त्यानंतर जपानांतील पुष्कळ प्रेक्षकांच्या मनास लागून राहिली. मल्ल निवर्तला म्हणजे घंटेचे दहा टोले देऊन त्याला अखेरचा निरोप देण्याची तेथें रीत आहे. मिसावासाठीं ते टोले पडले तेव्हां सारीं सभागृहें निःशब्द झालीं.

कोबाशीचें शरीरही आतां थकलें होतें. गुडघ्यांवर आणि कोपरांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २०१२ च्या आरंभीं एक कठीण डाव करतांना पायांस जबर दुखापत झाली. त्या वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें निवृत्ति जाहीर केली, आणि निरोपाची कुस्ती तोकियोच्या निप्पोन बुदोकानांत ठरली. १९६४ च्या ऑलिंपिकांतील ज्यूदोसाठीं बांधलेली ही अष्टकोनी वास्तु. त्याच्या आयुष्यांतल्या बहुतेक मोठ्या कुस्त्या याच छपराखालीं झाल्या होत्या.

त्या दिवशीं सुमारें १७,००० माणसांनीं ती वास्तु भरून गेली. त्याचें नांव पुकारतांच, तेथील रिवाजाप्रमाणें चारही बाजूंनीं कागदी फितींचा वर्षाव झाला. चौघांविरुद्ध चौघे अशी कुस्ती होती. कोबाशीच्या बाजूस त्याचा जुना सहकारी अकियामा, दुसऱ्या घराण्याचा नामांकित मल्ल केइजी मुतो, आणि आठ वर्षांपूर्वीं ज्याच्या छातीवर त्यानें तडाखे मारले होते तो सासाकी. समोरचे चौघे म्हणजे गो शिओझाकी, योशिनोबु कानेमारु, माइबाख तानिगुची, आणि केवळ केंता याच नांवानें ओळखला जाणारा चौथा. हे चौघेही कोणे काळीं कोबाशीचे सेवेकरी होते. वस्तादाच्या निरोपाला त्याचे पठ्ठे हार घेऊन न येतां लढावयास आले होते. त्यांनीं त्याची गय केली नाहीं. शिओझाकीनें तर वस्तादाचेच तडाखे त्याच्या छातीवर परत केले.

जवळजवळ चाळीस मिनिटें हें चाललें. शेवटीं कानेमारु आडवा पडला असतां कोबाशी कोपऱ्यांतल्या वरच्या दोरावर चढला. चौथऱ्याकडे पाठ करून उभें राहावयाचें, मागच्या मागें कोलांटी घ्यावयाची आणि खालच्या मल्लाच्या अंगावर छातीनें पडावयाचें, असा हा डाव; ‘मूनसॉल्ट’ त्याचें नांव. २०१२ सालीं पाय दुखावले ते याच डावानें. त्यानंतर तो त्या रात्रीं पहिल्यानेंच लढत होता. वय ४६, म्हणजे मिसावा गेला त्याच वयाचा. सतरा हजार लोकांचा श्वास क्षणभर अडकला असेल, असें आम्हांस वाटतें. तो उडाला, बरोबर पडला, पंचानें तीन मोजले, आणि ३९ मिनिटें ५९ सेकंदांनीं कुस्ती संपली.

मग टोले पडले. निवृत्त होणाऱ्या मल्लासही तेथें दहाच टोले देतात. मेलेल्यास देतात तेच. कोबाशी चौथऱ्याच्या मध्यभागीं उभा राहून ते ऐकत होता. ज्या टोल्यांनीं मिसावास निरोप दिला गेला, ते त्याच्या मित्रास स्वतःच्या कानांनीं, स्वतःच्या पायांवर उभें राहून ऐकावयास मिळाले, यांतच त्या रात्रीचें सारें भाग्य होतें. कुस्ती कोण जिंकणार हें कोणीं तरी ठरविलें असेल. हें भाग्य कोणास ठरवितां आलें नसतें.

येथें वाचक विचारतील, शेवटची ती उडी त्यानें मारावयास हवी होती काय? आमचें मत द्विधा आहे. घरांतल्या एखाद्या मुलानें अशा पायांनीं तसें करूं म्हटलें असतें, तर आपण त्याला हात धरून बसविलें असतें. परंतु ज्या प्रेक्षकांनीं त्रेसष्ट पराभवांत साथ दिली, त्यांस एकदां तरी पूर्ण कोबाशी दाखवून जावें, ही त्याची तळमळ आम्हांस समजते. दोष द्यावयाचा तर तो उडीस नव्हे, थांबूं न देणाऱ्या हौसेस द्यावा. कलावंत असो, गवई असो कीं मल्ल असो, “आणखी एकदां” असें आपण ओरडतों तेव्हां त्या एकदांचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हें आपण क्वचितच विचारतों. ताकायामाचें उदाहरण पाहा. कोबाशीच्या पुनरागमनाचा तो सोबती २०१७ सालीं एका कुस्तींत मानेवर पडला आणि त्याचें शरीर लुळें पडलें. त्याच्यावरही लोकांचें प्रेम कांहीं कमी नव्हतें.

म्हणून कोबाशीच्या निरोपांत आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें त्याचें थांबणें. लोक अजून बोलावीत असतां तो थांबला. निवृत्तीनंतर त्यानें २०१४ सालापासून ‘फॉर्च्यून ड्रीम’ या नांवानें स्वतः कुस्त्यांचे प्रयोग भरविले, आणि इतरांस पुढें करून आपण बाजूला बसला. शिओझाकी पुढें मंडळीचा अजिंक्य मल्ल झाला. त्याच्या हाताच्या कडेचा तो तडाखा पाहून जुने प्रेक्षक अजून वस्तादाचें नांव काढतात. आपल्या आवडत्या माणसांस असें वेळेवर थांबूं देणें, आणि तीं थांबलीं म्हणून त्यांच्यावर न रुसणें, एवढें प्रेक्षकांनाही शिकतां आलें पाहिजे.